सॉफ्टवेअरच्या सुट्या भागांचे गोदाम

पालघर, बोईसर व तारापूर परिसरातील काही व्यापारी आणि लघुउद्योजक बिले व स्टॉक यांसाठी खास सॉफ्टवेअर तयार करून घेतात. मात्र सरकारी नियम बदलला की सॉफ्टवेअरही बदलावे लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले, हे एक उदाहरण. अशा वेळी जुना प्रोग्राम नव्याने बांधताच आला नाही तर धंदा अडतो. म्हणून हा विषय आपण समजून घेऊ या.

प्रोग्रामर सारा प्रोग्राम स्वतः लिहीत नाही. पीडीएफ काढणे, बारकोड छापणे अशा कामांचे तयार भाग तो बाहेरून घेतो. मेव्हन, ग्रेडल यांसारखी ‘बिल्ड टूल’, म्हणजे जोडणीची साधने, यादी वाचून इंटरनेटवरील गोदामातून ते भाग आणतात व प्रोग्राम जोडतात. या गोदामालाच आर्टिफॅक्ट रिपॉझिटरी म्हणतात. जावा भाषेसाठी मेव्हन सेंट्रल हे असे मोठे सार्वजनिक गोदाम होय.

परके गोदाम आपल्या हातात नसते. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या ११ ओळींचा भाग त्याच्या कर्त्याने एनपीएम या गोदामातून काढून घेतला आणि जगभर हजारो प्रोग्रामांची जोडणी अडली. २०२१ साली बिनट्रे ही गोदामाची सेवाच बंद झाली.

औषध कारखान्यात प्रत्येक मालाला बॅच नंबर असतो व नमुना जपून ठेवतात. तीच शिस्त येथे हवी :

१. प्रोग्रामरने नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरीसारखी स्वतःची रिपॉझिटरी ठेवावी. बाहेरून एकदा आणलेला भाग तेथे साठवता येतो व पुढे तेथूनच मिळतो.

२. यादीत प्रत्येक भागाची नेमकी आवृत्ती लिहावी. ‘नवी असेल ती’ असे लिहिल्यास आज चालणारा प्रोग्राम उद्या बिघडू शकतो. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या भागात गंभीर दोष उघड झाला, तेव्हा आपल्याकडे तो आहे काय, हे अशा यादीवरूनच चटकन पाहता येत होते.

३. तयार प्रोग्रामची प्रत्येक आवृत्ती नंबर देऊन जपावी. नवीत दोष निघाल्यास जुनी परत बसवता येते.

व्यापारी बांधवांना आमची सूचना अशी की, मूळ कोड, भागांची यादी आणि सर्व भागांची प्रत आपल्याला मिळेल, ही अट सौदा ठरतानाच लेखी घ्यावी. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी, इंटरनेट बंद ठेवून त्या प्रतीवरून प्रोग्राम बांधून दाखवण्यास सांगावे.