संग्रहालय सुधारायचं आहे? आधी पाहुण्यांकडे पाहा, मग कोटेशन मागवा

संग्रहालयात सुधारणा करायची म्हटली की समितीच्या बैठकीत पहिलं नाव टचस्क्रीनचं निघतं. जळगाव-धुळ्यातल्या छोट्या संग्रहालयांनी, शाळांच्या वस्तुदालनांनी आणि स्मारकांनी तो पैसा तूर्त राखून ठेवावा. 'डिझाइन थिंकिंग' या पद्धतीत खरेदी सगळ्यात शेवटी येते. आधी माणसं पाहायची, अडचण नेमकी मांडायची, उपाय सुचवायचे, स्वस्तातला नमुना करायचा आणि तो पाहुण्यांपुढे तपासायचा.

निरीक्षणाला लागतात दालनाच्या नकाशाच्या झेरॉक्स, दोन विद्यार्थी आणि त्यांचं मानधन. एक रविवार आणि शाळेच्या सहलीचा एक दिवस मिळून दोन हजार रुपये पुरावेत. कोण कुठे थांबलं, कुठून मागे फिरलं, कुणी बसायला जागा शोधली, एवढंच नकाशावर टिपायचं. प्रश्नावली नंतर द्या. बाहेर पडताना बहुतेक जण 'छान होतं' असंच लिहितात.

खरी कसोटी माहितीफलकांची. धुळ्याचंच उदाहरण घ्या: इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले आणि 1927 मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. जुने कागद आणि पोथ्या हे अशा संग्रहांचं वैभव, पण मोडी लिपी न येणाऱ्या पाहुण्याला त्यात दिसतात त्या फक्त रेघा. कागदाशेजारी देवनागरीत दोन ओळी हव्यात: कुणी कुणाला लिहिलं आणि का. हा मजकूर आधी साध्या ए-थ्री कागदावर छापून चिकटवा. एका कागदाला वीस-चाळीस रुपये. आठवीतल्या मुलाला वाचायला द्या आणि काय कळलं ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावा. अडखळला, तर मजकूर बदला. तीन-चार फेऱ्यांनंतरच सनबोर्डवर छापा. साधारण 60 ते 100 रुपये चौरस फूट. दर दुकानागणिक बदलतो. कोटेशनमध्ये जीएसटी धरला आहे का ते विचारा आणि छपाईची मूळ फाइल मागून घ्या, नाहीतर एक चूक सुधारायलाही डिझाइनचे पैसे पुन्हा मोजावे लागतात.

आवाजातून संग्रहालय कसं उलगडतं हे बघायला समितीने जळगावच्या जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ पाहावं. भवरलाल जैन यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं 'खोज गांधीजी की' हे तिथलं संग्रहालय 25 मार्च 2012 रोजी खुलं झालं. तेवढं बजेट छोट्या संस्थेकडे नसतं, पण मोबाइलवर केलेलं दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण आणि क्यूआर कोड जवळपास फुकटात होतो. गावातल्या जाणत्या बाईकडून जात्याची, पाट्याची माहिती अहिराणीत बोलून घ्या आणि तिला मानधन द्या. एक सावधगिरी: काही संकेतस्थळांचे 'डायनॅमिक' कोड मुदत संपली की बंद पडतात. म्हणून 'स्टॅटिक' कोडच करून घ्या.

उरलेला पैसा बाक, पंखे आणि पिण्याच्या पाण्यावर जावा. मे महिन्यात पारा 43-44 वर असताना घामाघूम झालेल्या माणसापुढे उत्तम फलकही वाया जातो. आणि रॅम्प हवाच. उतार 1:12 धरतात, म्हणजे 15 सेंटिमीटरच्या पायरीला किमान 180 सेंटिमीटर लांबी. एवढी जागा दाराबाहेर आहे का ते टेपने मोजा, मगच गवंड्याकडून लेखी अंदाज घ्या. जागा कमी म्हणून उतार चढा करून घेतला, तर व्हीलचेअर ढकलणाऱ्याचे हाल होतात आणि पैसे गेलेले असतात.