फी त्यांची, हिशेब आपला

बाय गो, तू पाठवलेला तो ईमेल मी दोनदा वाचला. आधी पाणी पी. तुझ्याकडे कुणीही फी मागितलेली नाही.

तू ज्या मुंबईच्या कंपनीला काजूगर पाठवत होतीस, तिला एनसीएलटीने, म्हणजे कंपनी न्यायाधिकरणाने, २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याखाली घेतलंय. आता तिचा कारभार आयआरपी, म्हणजे नेमलेला अंतरिम व्यावसायिक, बघणार. त्याची फी कशी ठरते त्याचे नियम आयबीबीआयच्या, म्हणजे दिवाळखोरी मंडळाच्या, संकेतस्थळावर आहेत, तिथे बघा, एवढंच ईमेलमधल्या त्या ओळीत म्हटलंय. आपण मात्र कागदावर ‘फी’ दिसली की घाबरतो आणि कागद कपाटात ठेवून देतो. तसं करू नको, कारण दिवस मोजके असतात.

आपलं येणं किती आहे हे कळवायला, म्हणजे क्लेम लावायला, आयआरपीला एक रुपयाही द्यावा लागत नाही. माल पुरवणाऱ्यांसाठी फॉर्म बी असतो. आयआरपी नेमल्यापासून १४ दिवसांची मुदत असते, नेमकी तारीख जाहीर सूचनेत छापलेली असते. मुंबईची बस धरायची गरज नाही, ईमेलने चालतं. बिलं, ई-वे बिलं, ट्रान्सपोर्टच्या पावत्या, बँकेचा उतारा, खातेउतारा, सगळं स्कॅन करून जोड. सीएला द्यायचे पैसे मात्र तुझे तुलाच, कारण येणं सिद्ध करायचा खर्च घेणेकऱ्याचा, असा नियमच आहे. पण ‘क्लेम पास करून देतो, दोन टक्के द्या’ म्हणत कुणी फोन केला, तर फोन ठेव.

वहिनीच्या माहेरच्यांचा मुंबईतला फ्लॅटही अशाच दिवाळखोर बिल्डरकडे अडकलाय ना? त्यांना सांग, फ्लॅटवाल्यांचा फॉर्म वेगळा, फॉर्म सीए. त्यांना बँकांसारखं आर्थिक घेणेकरी धरतात, २०१८ पासून.

आता ईमेलमधली ती लिंक उघड. फीच्या नियमांत एक तक्ता आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासूनच्या नेमणुकांसाठी, मंजूर झालेले क्लेम ५० कोटींपर्यंत असतील तर महिन्याला निदान १ लाख, ५०० कोटींपर्यंत २ लाख, असं चढत १०,००० कोटींच्या वर ५ लाख. कर्ज देणाऱ्यांची समिती कारण नोंदवून जास्तही देऊ शकते. काम वेळेत झालं, किंमत चांगली आली, तर वर बक्षिसी, तीही ५ कोटींपर्यंत. असे नियम बदलतात, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तक्ता नको, संकेतस्थळावरचाच बघ.

‘मला काय त्याचं?’ म्हणशील. तर ऐक. कंपनी मोडीत निघाली की पैसे वाटायचा क्रम पंगतीसारखा. पहिल्या पंगतीला ही फी आणि प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची २४ महिन्यांची येणी आणि तारण असलेल्या बँका, मग इतर नोकरांचे पगार, बिनतारणी कर्जं, सरकारची येणी. तू त्यानंतर. तुझ्या मागे फक्त भागधारक. प्रक्रिया जितकी लांबते, तितकी पहिली पंगत जेवतच राहते. जेट एअरवेजचं प्रकरण मुंबईच्या एनसीएलटीत जून २०१९ ला दाखल झालं, आणि नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. साडेपाच वर्षांच्या खर्चाचा विचार कर.

फी ठरवणाऱ्या समितीत तुला मत नाही, हेही स्पष्ट सांगते. फारच वावगं दिसलं तर आयबीबीआयकडे रीतसर तक्रार करता येते. तिला २,५०० रुपये लागतात, तक्रार खोडसाळ नसेल तर ते परत मिळतात. पण तो तक्ता वाचायचा तो मुख्यतः स्वतःचा खर्च ठरवण्यासाठी. तुझ्या सहा लाखांच्या येण्यापोटी शेवटच्या पंगतीत काय उरेल याचा अंदाज घे, आणि त्यापायी वकील, प्रवास, नोटरी मिळून किती घालवायचे तो आकडा आजच वहीत लिही. त्यापुढे एक पैसा नाही. क्लेम मात्र लावायचाच, कारण न लावलेल्या येण्याला पंगतीत पानच मांडत नाहीत.

आणि यापुढे ट्रक भरण्याआधी एक सवय लाव. गिऱ्हाईक मुंबईचं असो की पत्रादेवीपलीकडचं गोव्यातलं, कंपनीचं नाव आयबीबीआयच्या संकेतस्थळावरच्या जाहीर सूचनांमध्ये शोध. तिथे नाव सापडलं तर उधारी बंद, रोख असेल तरच माल.