घरच्या शाळेत आई एकटी पडली तर

प्रश्न : आम्ही वारणानगरला राहतो. नऊ वर्षांच्या मुलाला शाळेत न घालता मी घरीच शिकवते. हल्ली सकाळी उठतानाच अंगात त्राण नसतं. पाढे चुकले की त्याच्यावर खेकसते आणि रात्री रडू येतं. सासरचे म्हणतात, 'हौस तुझी, आता तूच निस्तर.' काय करू?

उत्तर : आधी रक्त तपासून घ्या : हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर. रक्तदाबही बघा. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. तो अंगात असेल, तर नुसत्या विश्रांतीने थकवा जाणार नाही.

तपासण्या ठीक आल्या, तर हा पालकपणाचा बर्नआउट असू शकतो. बेल्जियमच्या इसाबेल रोस्कम आणि मोइरा मिकोलायझॅक या मानसशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला आहे. त्याच्या चार खुणा : मुलाचं करून करून गळून जाणं, त्या कामाचाच वीट येणं, मुलापासून मनाने दुरावणं आणि 'मी पूर्वी अशी नव्हते' असं सतत वाटणं. तुम्ही आई म्हणून कमी पडताय, असा याचा अर्थ नाही. कामाच्या मानाने हात कमी पडताहेत.

शाळेत तासागणिक शिक्षक बदलतात, मधली सुट्टी होते, संध्याकाळी मुलं घरी जातात. तुमच्याकडे शिक्षिका, स्वयंपाकीण आणि आई एकच, आणि सुट्टीची घंटा वाजतच नाही. म्हणून शाळेचं वेळापत्रक घरी आणू नका. समोर एकच मूल असताना या वयाला बसून दीड-दोन तासांचा अभ्यास पुरे. तोही वीस-पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत. तुमचा आवाज चढू लागला की वही मिटा.

परीक्षेची धास्ती असेल, तर एक लक्षात ठेवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसायला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. एकदा केलेला प्रवेश ५ वर्षं चालतो आणि विषय थोडे थोडे सोडवता येतात. तुमच्या हातात भरपूर वेळ आहे.

आता कामाची वाटणी. वारणेच्या खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांनी सहकारातून साखर कारखाना उभारला, मुलांचा वाद्यवृंदही घडवला. या गावाला सहकार शिकवायला नको. तो घरात तेवढा आणा. आजोबांनी दुधाची पावती घेऊन नातवाला शेजारी बसवावं : लिटर किती, फॅट किती, दर काय, दहा दिवसांचे पैसे किती? हे गणितच आहे. दोन संध्याकाळी आणि रविवार बाबांचा. संगीत, कबड्डी, पोहणं यांसाठी बाहेरचे गुरू शोधा. मुलाला सवंगडीही मिळतील. त्या वेळात भांडी घासत बसू नका. झोपा, फिरायला जा, मैत्रिणीकडे जा. वर्षभर शाळेत घालून बघावंसं वाटलं, तर त्यातही कमीपणा नाही.

दोन आठवडे कशातच मन रमत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर ते नैराश्य असू शकतं, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मुलावर हात उगारला जात असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही. तपासणीला येताना पतीला आणि सासूबाईंना सोबत आणा. औषधाची चिठ्ठी तुमच्या नावाची असेल, पण पथ्य सगळ्या घराने पाळायचं आहे.