वेबसाइटच्या पत्त्यातील शब्द आणि गूगलवरील क्रमांक

बाजारात दुकान थाटताना पाटीवर काय लिहावे, हा प्रश्न प्रत्येक दुकानदाराला पडतो. वेबसाइट काढतानाही हाच प्रश्न येतो; फक्त तेथे पाटीच्या जागी पत्ता असतो. वेबसाइट बनवून देणारे काही जण सांगतात की, पत्त्यातच मालाचे नाव घातले म्हणजे गूगलवर दुकान पहिल्या पानावर येते. असा पत्ता मिळवून देण्याचे ते वेगळे पैसेही मागतात. कारागिराच्या कष्टाचा पैसा यात जात असल्याने, या म्हणण्यात तथ्य किती आहे हे तपासून पाहणे आम्हांला आवश्यक वाटते.

पत्त्याचे दोन भाग

समजा, औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) हिमरू विणणाऱ्या एका कारागिराला आपल्या शाली वेबसाइटवरून विकायच्या आहेत. त्याच्या पत्त्याचा पहिला भाग म्हणजे डोमेन नाव, म्हणजे 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन'ने संपणारे नाव. ते दरवर्षी शुल्क भरून आपल्याकडे ठेवावे लागते. दुसरा भाग तिरक्या रेघेनंतर येतो आणि दुकानातील नेमके पान दाखवतो. 'पेज-४८२७' असे लिहिले तर त्यावरून काही कळत नाही. 'हिमरू-शाल-निळी' असे लिहिले तर पान उघडण्यापूर्वीच आत काय आहे ते समजते. प्रश्न असा की, ग्राहकाला जे समजले त्याला गूगल किती महत्त्व देते?

हा समज कोठून आला?

हा समज निराधार नव्हता. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन केली. एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणत्या पानांनी बोट दाखवले आहे, यावरून त्या पानाचे वजन ठरवायचे, ही त्यांची मूळ कल्पना होती. बोट दाखवताना लोक बहुधा दुकानाचे नावच लिहितात. नावातच माल असला की तो शब्द आपोआप ठिकठिकाणी पोहोचत असे आणि दुकानाला त्याचा लाभ मिळत असे. त्यामुळे सर्वसाधारण शब्दांचे पत्ते सोन्याच्या भावाने विकले जाऊ लागले. 'बिझनेस डॉट कॉम' हा नुसता पत्ता १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरला विकला गेला.

पण पत्ता म्हणजे धंदा नव्हे, हेही त्याच काळात दिसून आले. पाळीव प्राण्यांचे खाद्य व सामान विकणाऱ्या 'पेट्स डॉट कॉम' या अमेरिकन कंपनीकडे याहून चपखल नाव असूच शकले नसते. तरी नोव्हेंबर २००० मध्ये तिने धंदा बंद केला. याउलट, १९९५ मध्ये पुस्तके विकू लागलेल्या अ‍ॅमेझॉनच्या नावात पुस्तकाचा मागमूसही नव्हता. ते एका नदीचे नाव आहे.

२०१२ मधील बदल

पुढे अनेकांनी मालाच्या नावाचे पत्ते घेऊन त्यावर निकस मजकुराची पाने उभी केली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार होता. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलचे मॅट कट्स यांनी जाहीर केले की, केवळ शोधाच्या शब्दाशी जुळणाऱ्या पत्त्यामुळे वर येणारी हलक्या दर्जाची संकेतस्थळे आता खाली जातील. अमेरिकेतील इंग्रजी शोधांपैकी सुमारे ०.६ टक्के शोधांवर या बदलाचा परिणाम होईल, असे त्यांनी सांगितले. चांगल्या मालाच्या दुकानाला मात्र नाव जुळते म्हणून शिक्षा नव्हती.

आजची स्थिती

गूगल वेबसाइटधारकांसाठी जी प्राथमिक मार्गदर्शिका ठेवते, तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की, डोमेन नावातील किंवा पुढील पत्त्यातील शब्दांचा क्रमांकावर जवळपास काहीच परिणाम होत नाही. गूगलचे जॉन म्यूलर यांनीही हा घटक अतिशय हलका असल्याचे वेळोवेळी सांगितले आहे. याचे कारण सरळ आहे. एकदा पान वाचून झाले की, आत काय आहे हे गूगलला मजकुरावरूनच कळते. मग पत्त्यावरून अंदाज बांधण्याची गरज उरत नाही.

म्हणून आमचे मत असे की, क्रमांकासाठी पत्त्यावर जादा पैसे खर्च करू नयेत. पत्ता ग्राहकाच्या सोयीसाठी नीट ठेवावा. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात :

१) डोमेन नाव छोटे व उच्चारायला सोपे असावे. फोनवर सांगितले तर समोरच्याला एकदाच ऐकून लिहिता आले पाहिजे. आज शाल विकणारा उद्या पडदेही विकेल; म्हणून मालापेक्षा आपल्या पेढीचे नाव बरे.

२) आतील पानांना दोन-चार अर्थपूर्ण शब्द द्यावेत आणि शब्दांमध्ये आडवी छोटी रेघ ठेवावी. एकच शब्द पुन्हा पुन्हा घालू नये.

३) पत्ता देवनागरीत ठेवता येतो आणि गूगल तो वाचतेही. '.भारत' हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळते. मात्र तिरक्या रेघेनंतरचा देवनागरी मजकूर नक्कल करून पाठवताना पुष्कळदा टक्क्यांची चिन्हे व आकडे यांत बदलतो. एका अक्षरचिन्हाची नऊ चिन्हे होतात. 'हिमरू' या एका शब्दाची पंचेचाळीस! असा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाहून ग्राहक बिचकतो.

४) गूगलच्या नकाशावर दुकान नोंदवताना पाटीवर आहे तेच नाव द्यावे. त्यात 'स्वस्त', 'उत्तम' असे शब्द घुसडणे नियमाविरुद्ध असून नोंद स्थगित होऊ शकते.

जुना पत्ता मोडू नये

सर्वांत मोठे नुकसान येथे होते. चालत्या वेबसाइटचा पत्ता केवळ शब्द घालण्यासाठी बदलला तर जुन्या ग्राहकांनी जपून ठेवलेले दुवे तुटतात आणि वर्षानुवर्षे जमलेले वजनही धोक्यात येते. बदल अटळच असेल तर प्रत्येक जुन्या पानावरून नव्या पानाकडे कायमचे वळण लावून घ्यावे. तांत्रिक भाषेत त्यास '३०१' म्हणतात. हे वळण निदान एक वर्ष काढू नये, असा गूगलचा सल्ला आहे. बनवून देणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी पाच-दहा जुने पत्ते स्वतः उघडून पाहावेत. तसेच डोमेन आपल्याच नावावर नोंदले आहे ना, याचीही खात्री करून घ्यावी.

मग वर येण्यासाठी काय करावे? हिमरूत सूत किती व रेशीम किती, शालीची लांबी-रुंदी, धुण्याची पद्धत, किंमत, माल पोहोचण्यास लागणारे दिवस हे सारे पानावर स्पष्ट लिहावे आणि छायाचित्रे स्वतःच्या मालाचीच द्यावीत. ग्राहक दुकानात येऊन जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरे पानावर असली, तर शोधणारा आणि विणणारा यांची गाठ पडते. पाटी पाहून गिऱ्हाईक एकदा आत येईल. पुन्हा येईल ते माल पाहूनच.