रात्रीच्या पुलाचें छायाचित्र

नदीकांठच्या शहराची शोभा रात्रीं द्विगुणित होते. परंतु ती टिपावयास जावें, तों काळ्या पटावर चार पांढरे डाग तेवढे हातीं येतात. आमच्या प्रथम प्रयत्नांची गत हीच झाली. असें कां व्हावें, हें समजण्यास ब्रासाई या छायाचित्रकाराचें उदाहरण बोधप्रद आहे.

आजच्या रुमानियांतील ब्राशोव्ह येथें १८९९ सालीं जन्मलेल्या या कलावंताचा 'रात्रीचें पॅरिस' हा चित्रसंग्रह १९३३ सालचा. सेन नदीवरील 'पाँ नफ' हा पूलहि त्यानें रात्रीं टिपला. या नांवाचा अर्थ 'नवा पूल'. वस्तुतः १६०७ सालीं पुरा झालेला हाच तेथील उभ्या पुलांत सर्वांत जुना!

आपला डोळा क्षणाचा प्रकाश क्षणांतच सोडून देतो. कॅमेऱ्यांतील प्लेट किंवा फिल्म तो सांठवीत जाते. म्हणून कॅमेरा तिपाईवर बसवून भिंग कित्येक सेकंद, प्रसंगीं कित्येक मिनिटें, उघडें ठेवावें लागतें. ब्रासाई हा वेळ सिगारेट जळण्यावरून मोजी. (आपणांस घड्याळ पुरे!) मंद प्रकाशांत फिल्मची ग्रहणशक्ति घटते, म्हणून हिशेबानें आलेल्या वेळाहून अधिक वेळ द्यावा लागतो. डिजिटल कॅमेऱ्यांत ही अडचण नाहीं. मात्र दीर्घकाळ उघडा ठेवल्यास चित्रांत बारीक ठिपके दिसूं लागतात.

दिवा थेट भिंगासमोर आला कीं त्याभोंवतीं प्रभेचें वलय पसरून पुलाची कमान गिळून टाकतें. ब्रासाई झाडाच्या बुंध्याआड दिवा येईल अशा जागीं उभा राही. धुकें व पावसानें भिजलेली फरसबंदी त्याच्या कामीं येत. कारण दोहोंमुळें प्रकाश चहूंकडे विखुरतो व अंधाऱ्या भागांसहि थोडा पोंचतो.

आपल्याकडे संधिप्रकाश फार वेळ टिकत नाहीं. तेव्हां सूर्यास्तापूर्वींच तिपाई मांडून बसावें. आकाशांत निळसर उजेड असेतों पुलाची आकृति स्पष्ट उठून दिसते. तिपाई कांठावर असावी; पूल वाहनांनीं थरथरतो.

आणखी एक नवल सांगूं. पुलावरून चालणारे लोक अशा चित्रांत उमटतच नाहींत; दिव्याखालीं कठड्यास टेकून उभा असलेला तेवढा राहतो. पॅरिसच्याच एका हमरस्त्याचें, परंतु दिवसाउजेडीं, डागेर यानें १८३८ सालीं घेतलेलें चित्र पाहावें. त्या वर्दळींतून स्पष्ट राहिला तो बूट पुसून घेण्यास थांबलेला एक गृहस्थ, आणि त्याच्या पायाशीं वांकलेल्या बूट पुसणाऱ्याची अंधुक आकृति.