अन्न आणि मन

मधल्या सुट्टीत डबा न उघडताच घरी नेणारी मुले आम्ही पाहतो. ‘खाल्ले तर जाड होईन, मग मला कोण विचारील?’ या विचाराने उपास, उपासाने अनावर खादाडी, मग लज्जा व पुनः उपास, असे रहाटगाडगे फिरते. हा हट्ट नव्हे, आजार होय. ऑक्सफर्डच्या डॉ. फेअरबर्न यांनी १९८१ साली त्यावर उपचार मांडिला. रोगी आपले खाणे व त्या वेळचा विचार वहीत टिपितो, ठरल्या वेळी जेवितो आणि आपली भीती खरी की खोटी हे अनुभवाने पारखितो. आपल्या ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. तेथे सल्ला घेण्यात कमीपणा नाही. वजन झपाट्याने उतरल्यास मात्र प्रथम डॉक्टर गाठावा. पालकहो, भरला डबा परत आल्यास रागे भरू नका. शेजारी बसून मुलाचे ऐका.