वेलाला फुले आहेत, फळ का धरत नाही?

परसातला लाल भोपळ्याचा वेल मांडवभर पसरतो, पिवळी फुलेही पुष्कळ लागतात. पण इवलासा भोपळा पिवळा पडून गळतो आणि मुलांच्या ताटात फोड काही येत नाही. आपण खताला किंवा बियाण्याला दोष देतो. पुष्कळदा खरी उणीव असते ती माशीची.

भोपळ्याच्या एकाच वेलावर नर व मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या मागे बारीक भोपळा दिसतो. नर फुलातले पराग जड व चिकट असल्याने वाऱ्याने जात नाहीत. ते मधमाशी किंवा भुंगाच नेतो. फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. तेवढ्या वेळात माशी आली नाही, तर ते फळ गेलेच. काकडी व कारल्यालाही माशी अशीच लागते.

वेलाची फुले दोन-तीन महिन्यांचीच. माशीला मात्र बाराही महिने अन्न हवे. पूर्वी ते कुंपणात व बांधावर मिळे. आता तेथे तारा आणि भिंती आल्या. म्हणून येत्या मृगाच्या पावसात एवढे करावे:

१. कुंपणालगत निर्गुडी व अडुळशाच्या हातभर फांद्या खोचाव्यात. दोन्ही फांदीपासून जगतात आणि गुरे त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. अडुळसा हिवाळ्यात फुलतो.

२. बांधावर करंज किंवा जांभूळ लावावे. त्यांचा मोहोर उन्हाळ्यात माश्यांच्या उपयोगी पडतो.

३. दारात कढीलिंब असावा. त्यावरच्या हिरव्या अळ्यांची पुढे काळी फुलपाखरे होतात. थोडी पाने गेली तरी औषध मारू नये. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिलांना किडे-अळ्याच भरवते.

४. वाळका ओंडका किंवा बांबू कोपऱ्यात राहू द्यावा. भुंगे त्यात घर करतात.

५. फुले उमललेली असताना फवारणी करू नये.

घाणेरीवरही फुलपाखरे बसतात. पण ती अमेरिकेतून आलेली, रान व्यापणारी आणि गुरांना विषारी आहे. तिला कुंपणात जागा देऊ नये.

कुंपण वाढेपर्यंत सकाळी नर फूल तोडावे, पाकळ्या काढाव्यात आणि आतला केसर मादी फुलात हलकेच टेकवावा. हे काम मुलेही आवडीने करतील. जी फुले राहून जातील, त्यांच्यासाठी मात्र कुंपण लावायलाच हवे.